मिरचीचे हात आणि वुजू

उन्हाळा तापला की आमच्या घरी वर्षाचा मसाला होतो. बेडगी रंगाला, संकेश्वरी आणि मूठभर लवंगी तिखटाला. चादर पसरून आम्ही सगळ्याजणी देठं खुडायला बसतो. गेल्या साली असेच बसलो असताना जोहरची अजान झाली. धाकट्या भावजयीने नळाखाली हात धुतले आणि वुजूला बसली. चूळ भरली, नाकात पाणी घेतले, तोंडावरून हात फिरवले मात्र, किंचाळतच उठली. डोळे, नाक, ओठ, सगळीकडे आग. पाळण्यात सहा महिन्यांचे लेकरू दुधासाठी रडत होते आणि तिला त्याला हात लावता येईना.

हात तर तिने धुतले होते. पण नुसत्या पाण्याने! मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन नावाच्या पदार्थामुळे असतो. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. बिया सर्वांत तिखट असे आपण मानतो, पण खरा साठा बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात तिथे असतो. म्हणून भरल्या मिरच्यांसाठी हिरवी मिरची पोखरताना हात फार झोंबतात. त्वचा खरोखर भाजलेली नसते. उष्णता ओळखणाऱ्या नसाच या पदार्थाने जाग्या होतात, आणि हात विस्तवात घातल्यासारखे वाटते. गरम पाण्याने ही आग आणखी भडकते.

तेव्हा आधी कोरड्या फडक्याने हात पुसावेत. मग गोडेतेल घेऊन बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना दोन-तीन मिनिटे चोळावे आणि पुसून टाकावे. ते फडके लगेच बाजूला करावे, लेकराच्या तोंडाला लागता कामा नये. त्यानंतर भांड्यांचा साबण आणि गार पाणी. गरज वाटली तर हे सगळे पुन्हा करावे. तरीही भगभग राहिली तर थंड दुधात किंवा दह्यात बोटे बुडवून बसावे, बरे वाटते. कधी कधी ही आग काही तास पुरते, घाबरू नये. लिंबू, चुना, टूथपेस्ट यांच्या नादी लागू नये. चिरलेल्या बोटाला लिंबू काय करते ते सांगायला नकोच.

तेलकट हाताने वुजू कसा करायचा, असे फूफींनी विचारले. साबणाने तेल निघून जाते, वुजू त्यानंतरच करायचा.

डोळ्याची गोष्ट वेगळी. तिथे तेल, दूध, गुलाबपाणी काही घालू नये. स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे, पापण्यांची उघडझाप करीत डोळे धूत राहावे, चोळू नयेत. दुखणे थांबले नाही किंवा अंधुक दिसू लागले, तर डॉक्टरांकडेच जावे. हातावर फोड आले तरीही तसेच. अंगावर पाजणाऱ्या आयांनी तर हात पुरते साफ झाल्याशिवाय बाळाला घेऊच नये.

त्या दिवशी लेकराला अम्मींनी कडेवर घेऊन अंगणात फिरवले. भावजयीचा आवाज कानी पडला की ते अधिकच रडे. असरपर्यंत तिचे डोळे निवळले, हात मात्र रात्री निवाले.

यंदा आम्ही रबरी हातमोज्यांचे पाकीट आणले. मोजे काढतानाही आत-बाहेर उलटे करून काढले. भावजय तरी मिरचीजवळ आली नाही. लांब बसून धणे निवडत राहिली.