थाळनेरचा खलिता : १८१८ मध्ये कंपनीने टीका कशी पचवली?

शिरपूरहून तापीकडे निघालेला प्रवासी थाळनेरला पोहोचतो तो बहुधा फारुकी सुलतानांच्या कबरी पाहण्यासाठी. नदीला लागून असलेल्या पडक्या किल्ल्यापाशी मात्र थोडा अधिक वेळ थांबायला हवे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तिथे जे घडले, त्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीला थेट लंडनमध्ये जाब विचारला गेला, आणि तो प्रश्न कंपनीने ज्या शिताफीने निकालात काढला ती शिताफी आजही अभ्यासण्याजोगी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरी मुलूख कंपनीकडे गेला. तो ताब्यात घेण्यासाठी सर थॉमस हिस्लॉप दख्खनची फौज घेऊन खाली उतरला. सेंधव्याचा किल्ला लढाईवाचून मिळाला. थाळनेरच्या तटावरून मात्र गोळीबार झाला.

हिस्लॉपने किल्लेदाराला निरोप धाडला: किल्ला तहाने आमचा झाला आहे, प्रतिकार केल्यास बंडखोर ठरवले जाईल. त्यानंतर तोफा सुरू झाल्या. दिवस कलताना किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. काही इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांसह एकामागून एक दरवाजे ओलांडत अगदी आतल्या दरवाज्याच्या दिंडीतून आत शिरले. आतल्या अरब शिबंदीशी बोलणे सुरू असतानाच झटापट पेटली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. मग फौज आत घुसली आणि शिबंदीतील सुमारे अडीचशे ते तीनशे माणसे कापली गेली. स्वाधीन झालेल्या किल्लेदारालाही फाशी देण्यात आले.

कंपनी अडचणीत आली ती तिच्याच सेनापतीच्या लेखणीमुळे. हिस्लॉपने जो खलिता पाठवला, त्यात किल्लेदाराच्या फाशीचे समर्थन मोठे विलक्षण आहे. शिबंदीच्या दग्यात त्याचा हात असो वा नसो, सकाळी ताकीद दिल्यावरही त्याने प्रतिकार केला, म्हणून ही शिक्षा योग्यच होती, असा त्याचा आशय. किल्लेदार दग्यात सामील होता हे आपल्याला ठाऊक नाही, याची कबुलीच सेनापतीने लेखी दिली होती. हा खलिता लंडनमध्ये छापला गेला आणि वाचणाऱ्यांना त्यातली फट दिसली. आपल्या धन्याचा किल्ला राखणारा माणूस बंडखोर कसा? आणि त्याची शरणागती स्वीकारल्यावर त्याला फासावर कसे चढवले?

मार्च १८१९ मध्ये नियामक मंडळाचा अध्यक्ष जॉर्ज कॅनिंग याने गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आणि हिंदुस्थानातील फौज यांच्या आभाराचा ठराव कॉमन्स सभेत आणला. आता हिस्लॉपचे आभार मानावेत तर थाळनेरवर पसंतीची मोहोर उमटते. न मानावेत तर महिदपूरच्या विजयाचाच अपमान होतो. तोडगा मोठा चतुर निघाला. आभार मानायचे, पण थाळनेरचा प्रकार त्यातून वगळायचा! दोन्ही सभागृहांनी तसे केले, कंपनीनेही तेच केले. टीकाकारांना आपले म्हणणे नोंदले गेल्याचे समाधान मिळाले, सेनापतीला आभार मिळाले.

वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ पासून तब्बल सात वर्षे चालला होता. तो धसका घेतलेल्या संस्थेला असा अपवाद किती स्वस्त पडला असेल याची कल्पना यावी. कुणी शिक्षा भोगली नाही. अधिक खुलासा मिळेपर्यंत मत राखून ठेवायचे, आणि मग तो विषय लोकांच्या स्मरणातून आपोआप उतरू द्यायचा, एवढाच हा उपाय होता. त्याच मोहिमेतील दख्खनच्या लुटीची वाटणी कशी व्हावी, हा वाद मात्र पुढे कित्येक वर्षे चालला. तिथे कागदांची वाण पडली नाही!

या प्रकरणाचा सर्वांत टिकाऊ अवशेष म्हणजे ‘दगा’ हा शब्द. थाळनेरविषयीच्या लेखनात ‘अरबांनी दगा केला’ हे वाक्य सहज येते. ते मूळचे हिस्लॉपच्या बाजूचे आहे. दिंडीच्या आतील माणसांपैकी कुणाची साक्ष नोंदली गेली नाही. अरब शिबंदी, मराठी किल्लेदार आणि इंग्रज अधिकारी अशा तीन भाषांच्या गर्दीत, अंधाऱ्या दरवाज्यात, कोण काय समजले असेल? गैरसमजाची शक्यता पुढे इंग्रज लेखकांनीही मांडली. तेव्हा खानदेशच्या तरुण अभ्यासकांनी तरी तो खलिता आरोपीने स्वतःच लिहिलेला जबाब म्हणून वाचावा. संसदेने ज्यावर पसंतीची मोहोर उमटवण्याचे टाळले, त्यावर आपण दोनशे वर्षांनी ती का उमटवावी?

लंडनमध्ये टीका शमली, पण खानदेशात थाळनेर विसरले गेले नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात मालेगावच्या किल्ल्याला वेढा पडला. आत पुन्हा अरबच होते. ते चिवटपणे लढले, कंपनीची मोठी हानी झाली, आणि जूनच्या मध्यास शरण येण्याची वेळ आली तेव्हा तोंडी शब्दावर बाहेर यायला त्यांनी नकार दिला. थाळनेरच्या किल्लेदाराचे काय झाले हे त्यांना ठाऊक होते. त्यांना लेखी हमी हवी होती. इंग्रज सेनानीने ती दिली, आणि ती मराठीत होती. तिचा अर्थ त्याच्या मनात होता त्याहून बराच उदार निघाला. पत्राने नेमके काय कबूल केले यावर वाद झाला, तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने शब्दांचा अरबांना अनुकूल असाच अर्थ लावला आणि त्यांना सोडून देण्यात आले.