नांगर खाडीत, पाऊल गावात

मैत्रिणींनो, एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांच्या स्नेह्यांकडे शिडाची नौका आहे. रत्नागिरीहून निघायचं, वाघोटण खाडीत नांगर टाकून दोन रात्री नौकेवरच राहायचं आणि विजयदुर्ग पाहायचा, असा बेत आहे. मुलं आठ आणि पाच वर्षांची. बाईंना पोहता येत नाही. "मी नाही म्हणू का?" असं त्या विचारतात.

नाही म्हणू नका. पण "तुम्ही ठरवाल तसं" असंही म्हणू नका! गेल्या मार्गशीर्षात आम्ही हाच प्रवास केला. मलाही पोहता येत नाही, म्हणून निघण्यापूर्वी मी इतके प्रश्न विचारले, की आमचे 'हे' म्हणाले, "तू शाळेत आहेस की बंदरखात्यात?"

पहिला प्रश्न लाइफ जाकिटांचा. प्रत्येकाच्या मापाचं हवं. मोठ्यांचं जाकीट मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. लहानांच्या जाकिटाला पायांमधून घ्यायचा पट्टा असतो, तो बांधायलाच हवा. आणि नौका उभी आहे म्हणून जाकिटं काढून ठेवू नका. नौकेतून छोट्या होडीत उतरताना पाय एकीकडे आणि तोल दुसरीकडे, अशी गत होते. तेव्हाच त्यांची खरी गरज असते.

दुसरा प्रश्न भरती-ओहोटीचा. त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेलं असतं! कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढे वाजता पूर्ण भरती. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, पावणेदोनला, ओहोटी. सकाळी होडीने काठाला लागलात आणि भर दुपारी परतायला आलात, की होडी चिखलात बसलेली आणि तुम्ही मुलांना कडेवर घेऊन काठावर. तेव्हा एक तर अकराच्या आत परता, नाही तर खुशाल चार वाजेपर्यंत गावात राहा. हिशोब अंदाजाचा आहे, बरं का. नेमकी वेळ छापील कोष्टकात पाहून घ्यावी.

आता नांगर. हे पुरुषांचं काम म्हणून आपण आत चहा टाकत बसतो. तसं करू नका, वर येऊन पाहा. नांगर नुसत्या वजनाने धरत नाही. त्याचा फाळ चिखलात रुतावा लागतो आणि त्यासाठी ओढ आडवी हवी, म्हणून साखळी-दोर भरपूर सोडतात. ओहोटीला पाणी तीन मीटर, भरतीचं दोन, नाळेची उंची एक, असे सहा मीटर धरले तर निदान पाचपट, म्हणजे तीस मीटर. रात्री वारा वाढला तर आणखी. नौका मग त्या दोराभोवती फिरते, म्हणून शेजारच्या मचव्यापासून अंतर ठेवावं लागतं. मच्छीमारांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर तर थांबूच नये, आणि रात्री पांढरा दिवा लावावा. नांगर सरकतो आहे का, हे कळायला सोपी युक्ती आहे. काठावरचा एक माड आणि त्याच्या मागचं एक घर एका रेषेत धरून ठेवा. वारा-पाणी तसंच असून रेष मोडली तर तांडेलला उठवा, मग मध्यरात्र का असेना.

स्वयंपाकाचं म्हणाल तर भाकऱ्या, थालीपिठं, चटणी घरूनच न्यावी. शिजवायचं ते नांगर टाकल्यावर, झाकण बसणाऱ्या कुकरात. पण गॅसचं एक पक्कं लक्षात ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड. घरात तो दारा-खिडक्यांवाटे जाऊ शकतो. नौकेत मात्र तळाशी साचून राहतो आणि मग एक ठिणगी पुरते. शेगडी विझली की सिलिंडरचाही कॉक बंद करा, दर खेपेला.

एक लाजेची गोष्टही बोलून टाकते. नौकेवर आडोसा नसेल म्हणून कित्येक बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. उन्हात ते फार वाईट. पडद्याची, बादलीची सोय काय आहे, हे आधीच विचारा. विचारायला संकोच वाटला तर यजमानांकरवी विचारा, पण विचारा.

एवढं झालं की मग सुख आहे. समुद्राची हेलकावणी किल्ल्याला वळसा घालून खाडीत शिरताच एकदम थांबते. मुलं तर विचारू लागली, "इंजिन बिघडलं का?" एका काठाला रत्नागिरी जिल्हा, दुसऱ्या काठाला सिंधुदुर्ग, आणि डोक्यावर तिहेरी तटाचा विजयदुर्ग. याच बंदरात फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. धक्का, एस.टी. स्टँड आणि किल्ल्याचा दरवाजा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे मुलांचे पाय दुखायच्या आत तट फिरून होतो. वेळ उरला तर खाडीत दोन-तीन किलोमीटर आत खडकात कोरलेली आरमाराची जुनी गोदी पाहा. भरतीला गलबत आत घ्यायचं आणि ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ दुरुस्त करायचा, अशी ती युक्ती. आमच्या मुलांना किल्ल्यापेक्षा हीच आवडली.

निघताना साखळीबरोबर खाडीचा काळा, वासाचा चिखल वर येतो. जुना काथ्याचा ब्रश आणि दोरी बांधलेली बादली हाताशी ठेवा, आणि साखळी आत घेण्यापूर्वीच धुऊन घ्या. वाळलेला चिखल निघता निघत नाही, आणि नव्या साडीवरचा तर मुळीच नाही.