बादलीला किती तारे?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आफ्रिकेतल्या छोट्या गावांमधल्या स्वस्त हॉटेलांना आपण ऑनलाइन जे तारे देतो, ते बहुतेक वेळा भलत्याच हॉटेलाचे असतात. जे हॉटेल तिथे नव्हतंच, ज्याचं वचन कुणी दिलंच नव्हतं, ते आपल्या डोक्यात असतं. ते सापडलं नाही की खऱ्या हॉटेलाचे दोन तारे कापून आपण पुढच्या गावाला निघतो. मागे राहतो तो आकडा. तो त्या हॉटेलाच्या कपाळावर वर्षानुवर्षं चिकटून असतो.

हे मी युगांडातल्या कबाले या गावाबद्दल बोलतोय. देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार मीटरवर. कंपालापासून बसने चारशे किलोमीटर. विषुववृत्त जेमतेम दीडशे किलोमीटरवर, तरी रात्री स्वेटर लागतो. चारही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची शेती असलेले डोंगर, जवळच बुन्योनी तलाव, आणि थोडं दक्षिणेला गेलं की कटुनाची सीमा, पलीकडे रवांडा. कामानिमित्त कंपालात होतो, त्याला जोडून चार रात्री कबालेत राहिलो. हमरस्त्यालगतचं दोन मजली हॉटेल, खोली पन्नास हजार शिलिंगला. आकडा ऐकून दचकू नका, आपले साधारण अकराशे-बाराशे रुपये.

अशा हॉटेलांचे रिव्ह्यू वाचलेत कधी? एक वाचला की सगळे वाचल्यासारखे आहेत. शॉवरला गरम पाणी नाही. वायफाय स्लो. लाइट गेली. जेवणाला दीड तास लावला. ब्रेकफास्ट बेसिक. स्टाफ फ्रेंडली. तीन तारे.

एकेक तक्रार घेऊ.

गरम पाणी. शॉवरला नव्हतं, खरं आहे. पण सकाळी सांगितलं की पिवळ्या जेरीकॅनमधून वाफाळतं पाणी दाराशी यायचं, सोबत प्लास्टिकची परात. खोलीत साबणाची वडी, टॉवेल आणि रबरी चपला ठेवलेल्याच. आता मला सांगा, ज्याने आयुष्यात एकदा तरी एसटी स्टँडसमोरच्या लॉजमध्ये रात्र काढली आहे, 'गरम पाणी सकाळी ६ ते ८' ही पाटी वाचली आहे आणि बादलीसाठी पोऱ्याला हाक मारली आहे, त्या माणसाला यात 'गरम पाणी नाही' असं कुठून दिसतं? पाणी आहे. गरम आहे. नळातून आलं नाही एवढंच. ज्या थंड गावात सरपण आणि कोळसा विकत घेऊन पाणी तापवावं लागतं, तिथे प्रत्येक खोलीला हवं तेवढं गरम पाणी बाराशे रुपयांत मिळायला हवं, हा हिशेब कुणाचा?

वायफाय. युगांडात २०१८च्या जुलैमध्ये सरकारने व्हॉट्सॲप, फेसबुक वगैरे वापरण्यावर दिवसाला २०० शिलिंग कर बसवला. २०२१ मध्ये तो काढला आणि त्याऐवजी इंटरनेट डेटावरच १२ टक्के कर लावला. त्याच वर्षी जानेवारीत, निवडणुकीच्या तोंडावर, आधी फेसबुक बंद केलं आणि मग काही दिवस सगळं इंटरनेटच. इंटरनेट परत आलं. फेसबुकवरची बंदी मात्र पुढे वर्षानुवर्षं राहिली. आता एखादा प्रवासी रिव्ह्यूत लिहितो की या हॉटेलात फेसबुकसुद्धा उघडत नव्हतं. सरकारच्या निर्णयाचा दंड कबालेतल्या हॉटेलवालीने भरायचा!

लाइटचंही तेच. नाईलवर करुमाला ६०० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभा राहिलाय, २०२४ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. पण वीज धरणाशी तयार होणं वेगळं आणि डोंगरातल्या गावापर्यंत तारेतून न अडखळता पोहोचणं वेगळं. पहिला पाऊस पडला की कोणत्या फीडरवर झाड पडतं, हे ज्यांच्या घरच्यांना पाठ आहे, त्यांना हे मी काय समजावणार?

जेवण ही सगळ्यात मजेची तक्रार. मेन्यूकार्डावर पिझ्झा असतो, स्पॅगेटी असते, 'इंडियन करी'सुद्धा असते. पाहुणा नेमकं तेच मागतो आणि घड्याळ बघत बसतो. स्थानिक माणूस मेन्यू उघडतच नाही. तो विचारतो, आज काय तयार आहे? तिथल्या बोलीत 'फूड' म्हणजे ताटातला मुख्य ऐवज: मटोके, म्हणजे उकडलेली हिरवी केळी, भात, रताळी, बटाटे. बटाट्यांसाठी तर हा भाग प्रसिद्ध आहे, आणि तिथे त्यांना नुसतं 'आयरिश' म्हणतात. 'सॉस' म्हणजे त्यावरचं कालवण: घेवडा, मटण, शेंगदाण्याचा रस्सा. फूड सांगा, सॉस सांगा, पाच मिनिटांत ताट समोर. ही राइस प्लेट आहे हो! राइस प्लेटच्या खानावळीत जाऊन लझान्या मागायचा आणि सर्व्हिस स्लो म्हणून बोंब मारायची, ही कुठली रीत?

आणि ब्रेकफास्ट 'बेसिक' कसा? चहा दोन प्रकारचा मिळतो. त्यातला 'आफ्रिकन टी' म्हणजे दुधात उकळलेला, आलं घातलेला चहा. सोबत चपाती. चहाला पूर्व आफ्रिकेत 'चाय' म्हणतात, चपातीला चपातीच, आणि दुकानाला 'डुका'. हे शब्द आपल्याकडून गेले. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जी रेल्वे टाकली, तिच्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते. व्यापारीही गेले. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तरी चपाती राहिली. आज अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळून 'रोलेक्स' नावाने रस्तोरस्ती विकतात. आपलाच पदार्थ हातात घेऊन, आपल्याच चहाबरोबर खाऊन, कुणीतरी लिहितं: लोकल फूड, नॉट फॉर एव्हरीवन.

खरा मुद्दा मात्र सोयींचा नाही. हॉटेल कुणासाठी आहे, हा आहे.

आपल्याला वाटतं, आफ्रिकेतलं हॉटेल म्हणजे पर्यटकांसाठी. मी होतो तेव्हा तिथे सीमेवरून येणारे ट्रकवाले होते, बटाट्याचे व्यापारी होते, कबाले विद्यापीठात मुलीला सोडायला आलेले आईवडील होते. खालच्या हॉलमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण चालू होतं. परदेशी मी एकटा. हे हॉटेल त्यांचं आहे, त्यांच्या गरजांवर उभं आहे. रात्री दोनला बस आली तरी दार उघडणारा माणूस हवा, ट्रक उभा करायला कुंपणाचं आवार हवं, सकाळी सहाला पोटभर गरम खाणं हवं. हे सगळं तिथे होतं. ॲपवर यातल्या एकाही गोष्टीसाठी रकाना नाही. तिथे रकाना आहे तो स्विमिंग पूलसाठी.

आता मी सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून एक हिशेब दाखवतो. ट्रकवाला फोन करून खोली सांगतो आणि मोबाइल मनीने पैसे देतो. (युगांडात एमटीएनचं मोबाइल मनी २००९ मध्ये आलं. आपलं यूपीआय २०१६चं. हे 'मागासलेला खंड' म्हणणाऱ्यांसाठी कंसात.) तो रिव्ह्यू लिहीत नाही. म्हणजे हॉटेलात वर्षभर राहणाऱ्यांतले बहुतेक लोक डेटात नाहीतच. डेटात आहेत ते येऊन-जाऊन असणारे काही परदेशी. आमच्या धंद्यात अशा सॅम्पलवर मॉडेल बनवलं, तर मॅनेजर मीटिंगमध्ये सोलून काढेल. इथे मात्र त्यालाच 'गेस्ट रेटिंग' म्हणतात.

पुढे बघा. समजा अशा हॉटेलाला नऊ जणांनी पाच तारे दिले. दहावा आला, शॉवरवरून वैतागला आणि एक तारा देऊन गेला. सरासरी ५ वरून ४.६. आता राजधानीतल्या बड्या हॉटेलाला नऊशे जणांचे पाच तारे असतील आणि तिथे असाच एकजण वैतागला, तर? ४.९९६. म्हणजे स्क्रीनवर पाचच. तोच राग, तोच माणूस, पण लहान हॉटेलाला तो ऐंशी-नव्वद पट जोरात लागतो. कमी रिव्ह्यू असलेल्या जागांचा आकडा सांभाळून काढायच्या रीती जुन्या आहेत, कॉलेजच्या स्टॅटिस्टिक्समध्ये शिकवतात. तरीही शेवटी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो तो एकच आकडा. आकडा घसरला की हॉटेल यादीत खाली जातं, खाली गेलं की भाव पाडावा लागतो, आणि पाडलेल्या भावातूनही ॲपचं कमिशन जातं, साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास. पन्नास हजारांतले साडेसात हजार. मग पाणी तापवायचा खर्च कुठून काढायचा?

शिवाय हा रस्ता आधीच मार खाल्लेला आहे. २०१९च्या फेब्रुवारीत रवांडाने कटुनाची सीमा बंद केली. मध्येच कोविड आला. सीमा उघडली ती २०२२च्या जानेवारीअखेर. जवळजवळ तीन वर्षं. सीमेवरच्या वाहतुकीवर जगणाऱ्या गावात हॉटेल टिकवून धरणं म्हणजे काय, हे चेक-इन आणि चेक-आउटच्या मध्ये कळत नाही.

इथे कुणी म्हणेल, बाबा, पैसे दिलेत, तक्रारसुद्धा करायची नाही का? जरूर करा. खोलीला कडी नसेल, गादीत ढेकूण असतील, एकट्या बाईला रात्री कुणी दार वाजवून त्रास दिला असेल, सांगितलेल्यापेक्षा जास्त पैसे उकळले असतील, तर खणखणीत लिहा. असे रिव्ह्यू लोकांना वाचवतात. हॉटेलाने दिलेलं वचन मोडलं तर तारे कापा. तुम्हीच मनात धरलेलं वचन मोडलं म्हणून कापू नका.

आणि ज्यांना वाटतं की आपण तसे नाही, आपण तर पाच तारे देतो, त्यांनीही जरा थांबावं. 'काही नाही त्यांच्याकडे, तरी किती हसतमुख!' हा रिव्ह्यूही त्याच माळेतला मणी. रिसेप्शनवरची मुलगी हसते कारण ती नोकरीवर आहे. तिची शिफ्ट बारा तासांची होती आणि ती कॉमर्सची पदवी घेत होती. तिला तुमच्या आयुष्याला धडा शिकवायचा नव्हता, खोलीची किल्ली द्यायची होती.

कबालेवरून पुढे ब्विंडीच्या जंगलात लोक गोरिला बघायला जातात. परदेशी माणसाला परवान्याचे आठशे डॉलर पडतात, गोरिलांजवळ थांबायला मिळतो एक तास. तो एक तास पाऊस असो, चिखल असो, गोरिलाने पाठ फिरवलेली असो, सगळं 'अनुभव' म्हणून गोड मानून घेतलं जातं. तोच माणूस परत येऊन पाच हजार शिलिंगसाठी, म्हणजे सव्वाशे रुपयांसाठी, हॉटेलवालीशी हुज्जत घालतो आणि वर तारे कापतो. जंगलातल्या गैरसोयीला आपण साहस म्हणतो, माणसांच्या गावातल्या गैरसोयीला गलथानपणा.

यात आपण भारतीयांनी सामील व्हावं, हे मला जास्त झोंबतं. कबालेत पोरं मला हाक मारायची ती 'मुहिंदी' म्हणून. 'मुझुंगू' म्हणजे गोरा, तो वेगळा. त्यांना फरक पक्का ठाऊक आहे. आपल्यालाच नाही. बादली आपली, लॉज आपलं, जाणारी लाइट आपली, आलं घातलेला चहा आपला. हॉटेल म्हणजे खायची जागा आणि लॉज म्हणजे झोपायची, हा घोळसुद्धा दोन्हीकडे सारखा. हे सगळं ओळखीचं असताना रिव्ह्यू लिहायला बसलो की आपण मुझुंगू होतो. आपली अडचण बहुधा तीच आहे: ओळख पटते, आणि ती पटलेली नको असते.

ती का नको असते, याचं उत्तर आपल्या शहरांत आहे. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली, त्याचे व्हिडिओ देशाने पाहिले. इतकं टोकाचं बाजूला ठेवू. माझा एक सहकारी टांझानियाचा, पुण्यातच इंजिनिअर झालेला. भाड्याचं घर शोधताना त्याला फोनवर 'या की बघायला' ऐकू यायचं आणि दारात 'आत्ताच दिलं हो'. सोसायटीचा नियम, मालक परगावी, शेजाऱ्यांची हरकत. कारणं वेगवेगळी, दार एकच. कबालेत मला खोली मिळायला पासपोर्ट आणि पाच मिनिटं लागली. ओळख नाही, शिफारस नाही, तुम्ही काय खाता हा प्रश्न नाही.

पाहुण्याला दार उघडणं हा हॉटेलाचा पहिला धर्म असेल, तर तिथे आपल्या शहराला किती तारे? ते मोजणारं ॲप अजून कुणी काढलेलं नाही. काढलं तर रेटिंग देणाऱ्यांत कबालेचे लोकही असू द्यावेत. तोवर पुढच्या वेळी रिव्ह्यूचा रकाना उघडाल तेव्हा पाण्याच्या आधी एवढं लिहा: रात्री उशिरा पोहोचलो, दार उघडलं गेलं, सकाळी बादली आली. मग हवं तर वायफायबद्दल लिहा.