जांभळ्या लिंकची चुगली

गेल्या ईदला गावी गेलो तेव्हा चुलतबहिणीने तिचा मोबाइल माझ्या हातात दिला. “भाईजान, फार स्लो झालाय, बघा ना.” पाहिलं तर स्टोरेज भरलेलं आणि क्रोम दोन वर्षांपासून अपडेटच केलेलं नाही. मी ओरडलो, तर म्हणाली, “माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?”

दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढूनही मला तिथल्या तिथे नीट उत्तर सुचलं नाही. आज देतो.

आपण एखादी लिंक उघडली की ती निळ्याची जांभळी होते, हे सगळ्यांनी पाहिलंय. सोय चांगली आहे. काय वाचलं, काय राहिलं ते लगेच कळतं. पण ब्राउझरची एक चूक होती. तुम्ही कुठलीही लिंक कुठेही उघडली असेल, तरी ती दुसऱ्या प्रत्येक वेबसाइटवर जांभळीच दिसायची. आणि त्या वेबसाइटचा कोड ब्राउझरला विचारू शकायचा, “या लिंकचा रंग कोणता?” जांभळा असेल तर हा माणूस तिथे जाऊन आलाय.

अशा वेबसाइटने हजारो लिंक पानावर नजरेआड ठेवायच्या आणि काही सेकंदांत एकेकीचा रंग विचारून घ्यायचा. तुमच्या हिस्टरीची अख्खी यादी हाती लागत नसे, पण विचारलेल्या प्रत्येक पत्त्याचं ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळत असे. तुम्हाला मात्र कशाचाही पत्ता नसायचा.

ही त्रुटी मोझिलाच्या बग-नोंदींमध्ये २००२ पासून लिहिलेली होती. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी ५०,००० लोकप्रिय वेबसाइट तपासल्या, तेव्हा ४६ वेबसाइट लोकांची हिस्टरी खरोखर चोरून पाहताना सापडल्या. त्याच काळात एपिक मार्केटप्लेस नावाची अमेरिकन जाहिरात कंपनी हेच करत होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार, लोक ५४,००० हून अधिक डोमेनपैकी कुठे जाऊन आले हे ती तपासत होती. त्यात वंध्यत्व, रजोनिवृत्ती, कर्जफेड आणि दिवाळखोरी यांविषयीची पानंही होती. डिसेंबर २०१२ मध्ये कमिशनने या प्रकाराला बंदी घातली आणि असा गोळा केलेला डेटा नष्ट करायला लावला.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. त्या विषयांची यादी पुन्हा वाचा. त्यात गुन्हा कुठे आहे? मूल होत नाही म्हणून रात्री मोबाइलवर वाचत बसलेलं जोडपं काही लपवत नसतं. ते आपलं दुःख आपल्यापुरतं ठेवत असतं. दवाखान्याची फाइल आपण एसटीत उघडून बसत नाही, ती का, याचा खुलासाही कुणाला देत नाही. आपल्या मोहल्ल्यात खुला किंवा पोटगीबद्दल घरात विचारायची सोय नसलेली मुलगी पहिला प्रश्न मोबाइललाच विचारते. तो प्रश्न तिचा आहे. जाहिरातवाल्याचा नाही, आणि आपलाही नाही.

म्हणून ‘लपवण्यासारखं काय आहे’ हे वाक्य मला अडचणीत नसलेल्या माणसाचं वाटतं. आज माझ्यावर कर्ज नाही, आजार नाही, म्हणून मला फरक पडत नाही. उद्या पडेल तेव्हा माझी पावलं आधीच उमटलेली असतील.

दुसरा मुद्दा माझ्याच व्यवसायाबद्दल आहे. २०१० मध्ये मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी उपाय सुचवला: वेबसाइटने रंग विचारला तर ब्राउझरने प्रत्येक लिंक ‘न उघडलेली’च सांगावी. इतर ब्राउझरांनीही ते उचललं. तरी फटी राहिल्याच. लिंकचा रंग बदलून पान पुन्हा रंगवायला किती वेळ लागतो हे मोजून, किंवा एखाद्या खेळात तुमच्याकडूनच क्लिक करवून घेऊन, उत्तर काढता येत होतं. मुळावर घाव क्रोमने २०२५ मध्ये, १३६ व्या आवृत्तीत घातला. लिंक कोणत्या वेबसाइटवरून उघडली हे आता तो लक्षात ठेवतो आणि ती तिथेच जांभळी दाखवतो. दुसऱ्या वेबसाइटला त्यातून काही कळत नाही.

म्हणजे माहीत असलेल्या चुकीच्या मुळापर्यंत जायला वीसहून जास्त वर्षं लागली. माझ्या मते याचं एक कारण असं की, जांभळी लिंक सगळ्यांना हवी होती आणि ज्यांचं नुकसान होत होतं त्यांना ते कळतच नव्हतं. ज्याला कळत नाही तो तक्रार करत नाही, आणि तक्रार नसलेला बग आमच्या यादीत खाली खाली सरकत जातो. हे मी ऑफिसात रोज पाहतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. पण जुना ब्राउझर निकाल वाचत नाही. तिथे कुणीतरी हात घालावा लागतो.

तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी सोय बनवताना एकदा विचारावं, ही सोय कुणाची चुगली करेल? आणि बाकी सगळ्यांनी आज घरातल्या मोबाइलवर प्ले स्टोअर उघडून क्रोम अपडेट करावं. जागा नसेल तर लग्नाचे जुने व्हिडिओ काढून टाका. बहिणीच्या मोबाइलवर मी तेच केलं. सुरुवात अम्मीच्या फोनपासून करा, कारण तो अपडेट आहे का, हे तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं.