सत्तावीस रुपये आणि एक झोप

१९८३ सालच्या डिसेंबरची एकतीस तारीख. त्या काळी बँकांचे हिशेबाचे वर्ष डिसेंबरअखेर संपत असे. ते मार्चअखेरीवर गेले पुढे १९८९ मध्ये. मी नुकताच अधिकारी झालेलो, तालुक्याच्या गावची शाखा, संगणकाचे नावही नाही. बचत खात्यांची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा यांत सत्तावीस रुपयांचा फरक निघाला आणि आम्ही चौघे रात्री अडीच वाजेपर्यंत तो शोधत बसलो. फरकाला नवाने भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची उलटापालट झालेली असते, हे बँकेतल्या नवख्या कारकुनालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होते. पण तीच तीच पाने तीन वेळा चाळूनही मला काही दिसेना. शेवटी आमचे वयस्क हेड कॅशियर म्हणाले, "साहेब, आता घरी जा आणि झोपा. फरक कुठे पळून जात नाही."

सकाळी पहिल्या दहा मिनिटांत फरक सापडला. ३६ च्या जागी ६३ लिहिले गेले होते. आणि त्याच पानावर रात्री मी स्वतःच्या हाताने 'बरोबर'ची खूण केली होती!

यातून मी शहाणा झालो असे सांगायला मला आवडले असते. प्रत्यक्षात उलटेच झाले. दिवसा बँक आणि रात्री कादंबरी असा माझा संसार सुरू झाला. अकराला लिहायला बसायचे, दोन-अडीचला उठायचे आणि सहाला पुन्हा जागे व्हायचे. 'मला चार तास पुरतात' हे मी चारचौघांत ऐटीत सांगत असे आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत कौतुक दिसे. कारण आपल्याकडे कमी झोपणे हा मोठेपणाच समजला जातो. 'झोपा काढणे' ही तर शिवीच. एखाद्याची टर उडवायची असली की आपल्याला कुंभकर्ण आठवतो. पण चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य असे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत, त्यातला मधला आपण सोयीस्कर विसरतो.

झोप म्हणजे रिकामा वेळ नव्हे, हे आता विज्ञानानेही पुरेसे दाखवले आहे. शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये, झोपेत ठरावीक काळाने डोळ्यांची बुबुळे वेगाने हलतात, हे नोंदवले. आपली झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचा वाटा जास्त, तर पहाटेकडे या चंचल डोळ्यांच्या, स्वप्नांच्या झोपेचा. म्हणजे पहाटेचे दोन तास छाटले की सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या कमी होत नाहीत. एका प्रकारच्या झोपेवर मोठा घाला पडतो. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे सांगितले. सतत कमी झोपणाऱ्यांत रक्तदाब, मधुमेह आणि स्थूलता यांचे प्रमाण अधिक आढळते. रविवारी अकरापर्यंत लोळून आठवड्याची सगळी तूट भरून निघत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलेली एक गोष्ट मला सर्वांत बोचते. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे, शंभर मिलिलीटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या कायद्यात वाहनचालकाला मर्यादा आहे तीस मिलिग्रॅमची. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण शिव्या घालतो. पण पहाटे सहाला उठून रात्री अकरानंतर गाडी हाकणाऱ्याला 'कष्टाळू' म्हणतो.

मीही तसाच कष्टाळू होतो. एका सकाळी मुलीला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडायला निघालो होतो. "बाबा, गाय!" अशी तिची किंकाळी ऐकली आणि माझे डोळे उघडले. उघडले, म्हणजे ते मिटले होते. आम्ही वाचलो, गायही वाचली. मुलगी आजही तो किस्सा हसत सांगते. मला मात्र हसू येत नाही.

आणखी एक हिशेब मी फार उशिरा मांडला. रात्री अकराला मला चहा लागे, तो सौ. करून देई. नळाला पाणी येई पहाटे पावणेपाचला, तेही तीच भरे. माझ्या जागरणाची निदान कादंबरी झाली. तिच्या जागरणाचे काय झाले? पन्नाशीत तिला रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "रात्री किती वाजता झोपता?" ती माझ्याकडे बघू लागली. रक्तदाबाला कारणे अनेक असतात आणि डॉक्टरांनीही झोपेवर सगळे खापर फोडले नाही. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत नव्हते, हे खरे. घरात सर्वांत शेवटी कोण झोपते आणि सर्वांत आधी कोण उठते? वाचकहो, आज आपल्या घरात हा प्रश्न विचारून पाहा. दोन्हींचे उत्तर एकच नाव असेल, तर त्या घराची झोप कुणाच्या तरी जिवावर चालली आहे.

कायद्याने आपल्या परीने काही केले आहे. शांत झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात म्हटले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालचा आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सांगितले, तेही मुलांच्या झोपेसाठीच. पण रात्री साडेअकराला उशाशी चमकणारा मोबाइल कुठले न्यायालय बंद करणार? आणि पाण्याची पाळी कोणते शासन वाटून देणार? ते घरानेच करायचे असते.

निवृत्तीनंतर पाणी भरण्याचे काम मी घेतले. सुरुवातीचे काही महिने ती तरीही जागी होई आणि आतूनच ओरडे, "पिंप वाहू देऊ नका!" इतक्या वर्षांची सवय अशी सहजी सुटत नाही. गेल्या आठवड्यात मात्र पिंप खरोखरच वाहिले, मोरीत तळे झाले आणि आतून आवाज आला नाही. मी फडक्याने फरशी पुसली, आवाज न करता चहा ठेवला आणि सात वाजेपर्यंत तिची वाट पाहत बसलो.