विश्लेषण : पान हिरवेच, तरी झाड आजारी? प्रकाशातून पीकरोग कसा ओळखतात?

दक्षिण इटलीतील पुलिया भागात २०१३ मध्ये ऑलिव्हच्या झाडांत ‘झायलेला फास्टिडिओसा’ हा जिवाणू आढळला. त्यानंतर तिथली लाखो झाडे वाळली. बाधित झाड पूर्ण बरे करणारे औषध नाही. शिवाय लागण झालेले झाड अनेक महिने निरोगीच दिसते. तोपर्यंत रस शोषणारे कीटक जिवाणू शेजारच्या झाडांवर नेतात. म्हणूनच लक्षणांआधी रोग ओळखणे गरजेचे ठरले.

प्रकाशातून काय कळते?

निरोगी पान लाल आणि निळा प्रकाश शोषते, तर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते. जिवाणूमुळे पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तुंबल्या की पर्णरंध्रे मिटू लागतात, पाने तापतात, रंगद्रव्ये बदलतात. परिणामी परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपटही बदलतो. साधा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीनच पट्टे टिपतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा शेकडो अरुंद पट्टे टिपत असल्याने हा फरक पकडतो.

ही पद्धत किती अचूक?

‘नेचर प्लांट्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विमानातून हायपरस्पेक्ट्रल आणि थर्मल कॅमेऱ्यांनी ऑलिव्हच्या बागा टिपल्या गेल्या. लक्षणे दिसण्यापूर्वीच लागण ओळखण्यात ८० टक्क्यांहून अधिक अचूकता मिळाली.

मग अडचण कुठे?

पाणी कमी पडले तरी पर्णरंध्रे मिटतात आणि पान तापते. म्हणजे तहानलेले झाड आजारी वाटू शकते. चुकून आजारी ठरलेले जुने झाड तोडले जाण्याची भीती असते, तर सुटलेले बाधित झाड शेजारची बाग धोक्यात आणते. त्यामुळे कॅमेरा फक्त संशयित झाडे दाखवतो. शिक्कामोर्तब पीसीआर चाचणीनेच होते.

महाराष्ट्रात उपयोग होईल?

द्राक्ष बागायतदार डाऊनीच्या धास्तीने रोग दिसण्याआधीच फवारणी करतात. नेमका इशारा वेळेत मिळाला तर खर्च आणि द्राक्षांतील औषधांचे अंश दोन्ही कमी होऊ शकतात. मात्र ऑलिव्हवर शिकलेली प्रणाली द्राक्षावर जशीच्या तशी चालत नाही. त्यामुळे ड्रोनने रोग ओळखून देण्याचा दावा कोणी केला, तर शेतकऱ्याने विचारायला हवे : कोणत्या वाणावर, कोणत्या रोगासाठी आणि प्रयोगशाळेत पडताळून पाहिले का?