अंबिया की मृग?

डिलाईल रोडवर आंब्याच्या बाबतीत प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. देवगडचा कुठला, रत्नागिरीचा कुठला, कर्नाटकाचा माल हापूस म्हणून कोण खपवतोय, यावर करी रोड स्टेशनबाहेर एप्रिल-मेभर खल चालतो. त्यात नवल काहीच नाही. गिरण्यांच्या आसऱ्याने वसलेल्या या भागात घरटी कोणी ना कोणी कोकणातलं, आणि माझं सासरही त्यातलंच. पण हीच मंडळी डिसेंबरात संत्र्याच्या गाडीपुढे उभी राहिली की एकच प्रश्न विचारतात, "गोड आहेत ना?" गाडीवाला "एकदम शक्कर" म्हणतो आणि पिशवी भरली जाते.

माझं माहेर वरुड तालुक्यातलं. अमरावती जिल्ह्याच्या या टोकाला, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून, बागाच बागा आहेत. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड हा सगळा पट्टा संत्र्यावर जगतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळात हे फळ इकडे आलं असं सांगतात. 2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात त्या कागदापेक्षा विहिरीच्या पाण्याची चर्चा जास्त होते.

संत्र्याचं झाड मोठं लहरी. त्याला मोकळं सोडलं तर वर्षातून दोन-तीनदा फुलेल आणि एकदाही धड फळणार नाही. म्हणून शेतकरी एक बहार धरतो. डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन काही गळू द्यायची, आणि जानेवारीत पाणी सोडायचं. याला ताण देणं म्हणतात. उपाशी ठेवलेलं झाड पाणी मिळताच फुलून येतं. हा अंबिया बहार. त्याची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात. दुसरा मृग बहार. त्याला एप्रिल-मेच्या उन्हात ताण बसतो, मृगाच्या पावसावर फुलं येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती लागतं.

मृगाचा सगळा खेळ पावसाच्या वेळेवर. 2025 साली मुंबईत 26 मे रोजीच मोसमी पाऊस दाखल झाला. आमच्या रस्त्यावर लोकांनी छत्र्या शोधायला धावपळ केली, आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. "ताण तुटला," एवढंच म्हणाला. अर्धवट उपाशी राहिलेल्या झाडाला मेमध्येच पाणी मिळालं की ते फुलांऐवजी नवी पालवी काढतं. बाग हिरवीगार दिसते, पाहुणे कौतुक करतात आणि घरातल्यांना मात्र पुढचा फेब्रुवारी कोरडा दिसत असतो.

फुलं आली म्हणजे पीक आलं असंही नाही. उन्हाळ्यात फळगळ, पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा फळगळ. रस शोषणारा पतंग रात्री येतो, फळाला टाचणीएवढं भोक पाडतो आणि सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. खोडातून डिंक पाझरू लागला की डिंक्या आला. त्यावर उपाय बोर्डो मलमाचा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि 10 लिटर पाणी. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत ते फासायचं. आमच्याकडे हे काम बाबांचं. गुडघे दुखत असतानाही ब्रश ते दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

पूर्वी आमची बाग उभीच विकली जायची. व्यापारी येऊन झाडं बघायचा, अंदाज बांधायचा, इसार द्यायचा. भाव चढला की तोडणीला घाई, भाव पडला की फोन बंद. एका वर्षी असाच एक व्यापारी इसारावर पाणी सोडून निघून गेला आणि फळ झाडावर पिकून पोचट झालं. त्यानंतर दादाने ठरवलं की निदान काही माल तरी आपण तोडायचा, आपण निवडायचा, आपण भरायचा.

आता दिवाळीनंतर आमच्या घराचा ओसरा म्हणजे पॅकहाऊस. तोडणारा गडी फळ ओढत नाही. ओढलं की देठाजवळची साल फाटते आणि तिथूनच सड लागते. तो हलकेच पिळून किंवा कात्रीने देठासकट काढतो. ओसऱ्यावर ढीग पडतो आणि आई मध्यभागी बसते. तिच्या हाताखालून फळ सरकतं तेवढ्यात ते मोठं, मधलं की चुरी हे ठरलेलं असतं. डागी फळ बाजूला, मऊ पडलेलं त्याही बाजूला. वहिनी क्रेट मोजते, वहीत लिहिते आणि मजुरीचा हिशेबही तीच करते. संध्याकाळी गाडी लागली की सगळ्यांच्या बोटांना सालीच्या तेलाचा वास असतो. तो जेवतानाही जात नाही.

थोडे क्रेट रात्रीच्या ट्रॅव्हल्सने दादरला येतात आणि तिथून टॅक्सीने आमच्या मजल्यावर. मग पॅसेजमध्ये वाटप. पहिल्या वर्षी तक्रारींचा पाऊस पडला. "हिरवट आहेत हो." "साल सैल आहे, शिळी वाटतात." "चमक नाही अजिबात." मी वहिनीला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "ताई, त्यायले सांगा, रंग नोका पाहू, वजन पाहा."

तिचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून आहे. सालीला केशरी रंग चढतो तो रात्रीच्या थंडीने. थंडी उशिरा पडली तर आतला रस गोड झाला तरी साल हिरवट राहते. जगभर यावर तोड म्हणून इथिलीन वायूच्या खोलीत ठेवून सालीचा हिरवेपणा घालवतात. चकाकी येते ती मेणाच्या पातळ लेपाने. त्यामुळे फळ लवकर सुकत नाही, हे खरं, पण त्याने गोडी वाढत नाही. आणि सैल साल हा तर नागपुरी संत्र्याचा स्वभावच आहे. घरातल्या घरात घातलेल्या सदऱ्यासारखी ती फळावर असते. गाडीवर घट्ट सालीचं, तकतकीत, बियांनी भरलेलं जे फळ "नागपुरी" म्हणून मिळतं, ते बहुतेक वेळा किन्नू असतं. हा संकर कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या संशोधन केंद्रात झाला, 1935 साली तो बागायतदारांना दिला गेला आणि पुढे पंजाबात रुजला. फळ चांगलं आहे, रसाला तर उत्तमच. फक्त ते नागपुरी नाही.

हे डिलाईल रोडला कळणं आता जास्त गरजेचं झालंय. आमच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथलं आयात शुल्क 2019 साली किलोला 20 रुपये होतं, ते वाढत वाढत 2023 साली 88 रुपयांवर गेलं. तिकडे जाणारा माल अडला की तो देशातल्याच बाजारात येतो आणि बागेतला भाव पडतो. अशा वेळी जवळचं गिऱ्हाईक जाणतं असेल तरच बागाईतदार तग धरतो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. मुंबईकर आंब्याचं गाव विचारून पैसे मोजतो, म्हणून तर त्यांच्या कलमांना किंमत आहे.

तेव्हा या मोसमात गाडीपुढे उभं राहाल तेव्हा "गोड आहेत ना?" हा प्रश्न सोडून द्या. दिवाळीच्या गर्दीत भाव साधायला घाईने तोडलेला माल आंबट निघतो, त्यापेक्षा नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबा. फळ हातात घ्या, आकाराच्या मानाने जड लागलं तर घ्या, फुगीर आणि हलकं असेल तर ठेवून द्या. आणि गाडीवाल्याला विचारा, अंबिया की मृग? त्याला उत्तर येणार नाही कदाचित. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकरावं येण्याआधी तो वाशीच्या मार्केटात जाऊन विचारून येईल.